नग एक कमी

सोमवार, म्हणजे संग्रहालय बंद.
कमाटीबागेतली छोटी गाडी तरी शिट्टी मारतेय.
आम्ही दोघं कापसाच्या ट्रेपुढे.
हसमुखभाई चिमट्याने उचलतात, गुजरातीत मोजतात,
मी मराठीत लिहिते,
वस्तू मिसरच्या.

ताईत. संक्रांतीच्या हलव्याहून थोडे मोठे,
प्रत्येकाला दोरा ओवायला भोक.
एक डोळा, भुवईसकट. एक बेडूक.
एक खांब, त्याला तिकडे कणा म्हणत.
एक शेणकिडा, पोटाखाली अक्षरं घेऊन बसलेला.
निळे सगळे. काही हिरव्याकडे झुकलेले,
न घासलेल्या तांब्याच्या घंगाळाच्या काठासारखे.

ही चिनीमाती नाही, काच तर नाहीच.
वाळू कुटायची, चिमूटभर तांब्याची भुकटी,
आणि पापडखाराचा कुणी लांबचा भाऊ;
मळून साच्यात दाबायचं, वाळत ठेवायचं.
वरून रंग लावावा लागत नाही.
सुकताना आतलं मीठ वर येतं,
मे महिन्यात हसमुखभाईंच्या शर्टाच्या पाठीवर येतं तसं,
आणि भट्टीत गेलं की त्याच मिठाची
निळी काच होते.
हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी
मी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नव्हते.

"ओगणचालीस. चालीस. बस."
"एकेचाळीस हवेत."
"चालीस ज छे, बेन."

ट्रे झटकून पाहिला. कापूस पिंजला.
हसमुखभाईंनी टेबलाखाली बॅटरी मारली,
झुरळ निघालं.

शेवटी जुनं रजिस्टर काढलं, कापडी पाठीचं,
पहिली चार पानं वाळवीने वाचून संपवलेली.
अनुक्रमांक सत्तावीस:
'गाभण डुकरीण, निळी, दोन पायांवर उभी. उंची पाऊण इंच.'
खाली सही, वि. ग. खासगीवाले, कारकून.

डुकरीण नव्हे हो, खासगीवाले.
पाणघोडी ती. सिंहाचे पंजे, पाठीवर मगरीचं शेपूट,
बाळंतिणीची राखण करणारी.
मगर तरी ओळखायची होतीत,
विश्वामित्रीच्या पुलावरून रोज येत होतात की.

पण समासात, त्याच बारीक अक्षरात, दुसऱ्या शाईने:
'नग एक कमी. जबाबदारी माझी.
किंमत पगारातून कापून घ्यावी.'
आणि पुढच्या पानावर, नियमाप्रमाणे, कापलेली.
रुपये तीन, आणे आठ.
महिना आषाढ. कारण लिहिलेलं नाही.

ज्यांना डुकरीण आणि पाणघोडी वेगळी कळली नाही
त्यांना 'गाभण' मात्र नेमकं कळलं होतं.

कुणाच्या उशाखाली गेली असेल ती?
दांडियाबाजारात, की रावपुऱ्यात कुठे माडीवर?
दोरा काळा घेतला की लाल?
आणि घरात काय सांगितलं त्यांनी,
कुठल्या देवळातून आणलंय म्हणून?
रजिस्टर एवढंच सांगतं की
पुढच्या महिन्यात खासगीवाले तीन दिवस रजेवर होते
आणि चौथ्या दिवशी येऊन त्यांनी
मातीचे बारा दिवे मोजले, बिनचूक.

त्यानंतरच्या प्रत्येक मोजणीला, प्रत्येक नव्या सहीवर,
आधी टाकाने, मग बॉलपेनने, मग टाइप करून:
'वरीलप्रमाणे.'
'चोरी' हा शब्द एकानेही वापरलेला नाही.

"लखी नाखो, बेन," हसमुखभाई म्हणतात,
"डबा गार होतोय."

मी पेन्सिल घेते. 'डुकरीण'वर टोक टेकवते,
आणि उचलते.
खाली लिहिते तेच, जे सगळ्यांनी लिहिलं.

मग नवा कापूस अंथरताना
सत्तावीस नंबरच्या जागी
अंगठ्याने एक खळगा दाबून ठेवते, पाऊण इंचाचा.
हसमुखभाई बघतात.
काही न बोलता काचेचं झाकण लावतात,
आणि काचेवरचा माझा ठसा
शर्टाच्या बाहीने पुसतात.